मास्तरांची माघार

आमच्या सलूनमध्ये बुद्धिबळाचा एकही डाव कधी पुरा झाला नव्हता. आणि जो एक झाला, त्याच्यापायी माझ्या भुवया गेल्या. अजून नीट उगवल्या नाहीत, बघा हवं तर जवळ येऊन.

सलून म्हणजे काय, तर एक खुर्ची, एक आरसा आणि भिंतीला लागून एक लांब बाक. सलूनवाल्या दादाच्या वडिलांना गिऱ्हाइकं कंटाळून निघून जाण्याची फार धास्ती. म्हणून त्यांनी बाकाच्या खुर्चीकडच्या टोकाला, दोन माणसांच्या मधोमध, लाकडावरच काळे-पांढरे चौकोन रंगवून टाकले. पट उचलायची सोय नाही, फिरवायची सोय नाही. नंबर पहिला असलेला माणूस खुर्चीच्या बाजूला बसून काळी मोहरी खेळणार, दुसरा दाराच्या बाजूला बसून पांढरी. खुर्चीतल्याचं काम झालं की दादा त्याच्या अंगावरचं कापड फट्कन झटकायचा. त्या आवाजासरशी पहिला उठून खुर्चीत, दुसरा पटाला वळसा घालून पहिल्याच्या जागी, तिसरा सरकून दुसऱ्याच्या जागी. डाव तोच, सैन्य मात्र बदललेलं.

आता यातली गोम लक्षात घ्या. मघाशी ज्या काळ्या राजाच्या मागे तुम्ही हात धुऊन लागला होतात, त्याच राजाचा जीव सांभाळायचं काम कापड झटकताच तुमच्या गळ्यात. त्यामुळे आमच्याकडे कुणी कुणाच्या फारसं वाईटावर नसे. एकदा एक खरोखरचा खेळाडू दाढीला आला. बक्षिसं मिळवलेला, बोटांची नखंसुद्धा विचार करून कापणारा माणूस. त्याने पांढऱ्याकडून असा काही सापळा रचला की बाकावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात कापड झटकलं. बिचारा उठून पलीकडे जाऊन बसला आणि त्याच सापळ्यात असा अडकला, असा अडकला, की दाढी न करताच निघून गेला. आता म्हणे तो कॅरम खेळतो, आणि तेसुद्धा एकटा.

डाव पुढे जायचेच नाहीत म्हटल्यावर आमची सगळी हुशारी सुरुवातीच्या चालींत मुरली. पुस्तकातल्या सुरुवाती आम्हाला ठाऊक नव्हत्या, आणि ठाऊक असत्या तरी आम्ही खेळलो नसतो. आम्ही आमच्या काढल्या आणि आमची नावं दिली. वजीर पहिल्या धडाक्यात बाहेर काढायचा, समोरच्याच्या घरात घुसवायचा, दिसेल ते खायचं आणि हाकललं तरी निघायचं नाही, हा 'मेव्हण्याचा मुक्काम'. प्यादी न हलवता कोपऱ्यातल्या हत्तीला बाहेर काढायची खटपट, म्हणजे 'जिन्यातला सोफा'. सगळी प्यादी ओळीने एकेक घर पुढे सरकवून गप्प उभी करायची, ती 'साहेब आले'. राजा एक घर पुढे, एक घर मागे, परत पुढे, परत मागे, हा 'दाताच्या डॉक्टरची पायरी'. ही शेवटची माझी. मी ती खऱ्या दातदुखीत काढली होती.

नाव ठेवण्याचे नियम कडक होते, आणि ते सांभाळायचा मक्ता केमिस्टकडे. केमिस्टचं औषधांचं दुकान सलूनला लागूनच. डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून त्याला अशी सवय झाली होती की कुठल्याही गोष्टीचा शेवटचा अर्थ आपल्यालाच कळतो. नियम असा: सुरुवात काढणाऱ्याने स्वतः नाव ठेवायचं नाही, समोर बसलेल्याने ठेवायचं. एकदा ठेवलं की ठेवलं. बदलायचं असेल तर त्याच सुरुवातीने कुणावर तरी मात झाली पाहिजे, आणि जो मात देईल तो नवं नाव ठेवील. मात तर आमच्याकडे कुणी बघितलीच नव्हती. म्हणजे नाव कायमचं.

यात सापडले मास्तर.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे. अर्ध्या गावाला त्यांनी गिअर टाकायला शिकवलेलं, आणि उरलेल्या अर्ध्याला रस्ता ओलांडताना जपून राहायला. त्यांनी एक सुरुवात काढली. दोन्ही घोडे बाहेर काढायचे, जरा इकडेतिकडे बघायचं, आणि दोन्ही घोडे होते तिथे परत.

"हे काय, मास्तर?" समोर बसलेला केमिस्ट म्हणाला. "घोडे काय फेरफटका मारून आले?"

"मी पहिल्या दिवशी पोरांना रिव्हर्सच शिकवतो," मास्तर म्हणाले. "ज्याला मागे घेता येतं त्याला पुढे घ्यायची भीती नसते. आणि आपण मागे गेलो की समोरचा चेकाळतो. दारं-खिडक्या उघड्या टाकून बाहेर पळतो. मग बघा."

"याला माघार म्हणतात," केमिस्ट म्हणाला. "मास्तरांची माघार. बसलं नाव!"

नाव नुसतं बसलं नाही, पसरलं. केमिस्टच्या दुकानात खोकल्याचं औषध न्यायला येणारा प्रत्येक माणूस औषधाबरोबर ते नावही घरी घेऊन गेला. पोरं म्हणायला लागली, 'मी माघारमास्तरांकडे शिकतो'. दूधवाला हाक मारायचा, 'माघारमास्तर, भांडं!' मास्तर हसून सोडून द्यायचे. बाई मात्र हसायच्या नाहीत. बाई म्हणजे मास्तरांच्या घरच्या.

आणि मग त्यांच्या लेकीचं जमलं. तिचं तिनेच जमवलं होतं, मुलगा परगावचा, चांगला. मुलाचे आईवडील सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदाच घरी यायचे ठरले. त्या दिवशी बाईंनी मास्तरांना दारातच अडवलं. हे मला मास्तरांनीच सांगितलं, त्यामुळे यात मी घातलेली भर थोडीच आहे.

"ते लोक गल्लीत येऊन घर विचारणार," बाई म्हणाल्या. "आणि गल्ली काय सांगणार? माघारमास्तर का, ते कोपऱ्यावरचं घर! मुलीच्या बापाचं नाव माघार! आज शब्द दिला आणि उद्या फिरवला, असलाच माणूस वाटणार ना तो? एकुलती एक मुलगी आहे हो आपली."

"अगं, खेळातलं नाव ते."

"मग खेळातच पुसून या. संध्याकाळच्या आत. नाहीतर मीच त्या केमिस्टच्या दुकानात जाऊन बसते आणि त्याला एकेक नाव ठेवते."

बाई बोलल्या की करतात. मास्तर धावतच सलूनमध्ये आले. मी नुकता खुर्चीत बसलो होतो. त्या काळी माझ्या डोक्यावर केस म्हणजे काय सांगू तुम्हाला! कंगवा आत गेला की शोधायला दुसरा कंगवा पाठवावा लागायचा. मास्तर माझ्या डोक्याकडे, तहानलेल्याने विहिरीकडे बघावं तसे बघत राहिले.

"काका," माझ्या कानाशी येऊन ते म्हणाले, "तुमच्या डोक्यात एक अख्खा डाव बसेल."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही खुर्चीतून उठला नाहीत तर नंबर हलणार नाही. नंबर हलला नाही तर मी पांढऱ्याकडेच राहीन. आज मला मात द्यायचीच आहे. लेकीचा प्रश्न आहे, काका."

लेकीचा प्रश्न म्हटल्यावर मी विरघळलो. दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "मी सावकाश कापतो. पण एक सांगून ठेवतो, खोटी कात्री मला चालवता येत नाही. हवेत कचकच करणं आपल्याला जमायचं नाही. कात्री चालली की केस पडणार."

"पडू देत," मी म्हणालो. तोंडातून शब्द गेला तो गेला.

बाकावर पहिल्या नंबराला केमिस्टच होता. दुसऱ्या नंबराला मास्तर बसले. तिसऱ्या नंबराला एक अनोळखी गृहस्थ येऊन टेकले, कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कागदात गुंडाळलेला फुलांचा गुच्छ. "बायको म्हणाली, जरा डोकं माणसात आणून घ्या," त्यांनी कुणी न विचारताच सांगितलं. "इथे नंबर कसा चालतो?"

केमिस्टने त्यांना कापड, वळसा, सरकणं सगळं समजावून सांगितलं. गृहस्थ मन लावून ऐकत होते. मग आधीचा रखडलेला डाव मोडून पटावर मोहरी नव्याने मांडली गेली आणि मास्तरांनी घोडा बाहेर काढला. मग दुसरा. मग पहिला परत घरी. दुसराही परत घरी.

"आली का माघार!" केमिस्ट खुशीत येऊन म्हणाला आणि त्याने प्यादी पुढे पिटाळली.

मी सगळं आरशात बघत होतो. दादा मानेपासून वर निघाला होता, धान्य निवडावं तशी एकेक बट निवडत. पटावर काळ्याची प्यादी उधळली होती, मागोमाग उंट निघाले, हत्ती निघाला. मास्तर म्हणाले होते तसंच होत होतं, दारं-खिडक्या सताड उघड्या. मग मास्तरांचे घोडे पुन्हा बाहेर पडले, आणि या खेपेला काम असल्यासारखे पडले. एकाने उंट खाल्ला. दुसरा हत्तीच्या मागे लागला. काळा राजा घाईघाईने मागे सरकला आणि आपल्याच माणसांच्या गर्दीत जाऊन उभा राहिला.

तेव्हा केमिस्टच्या लक्षात आलं. त्याने पटावरची नजर काढली आणि माझ्या डोक्यावर लावली.

"काका, आज फारच बारीक करताय?"

"उन्हाळा येतोय," मी म्हणालो.

"उन्हाळा आत्ताच गेला की!"

"पुढचा म्हणतोय मी."

केमिस्ट काय ते समजला. बस्स, तिथून त्याने चाल करणंच थांबवलं. प्यादं उचलायचं, हवेत धरायचं, कुणा डॉक्टरचं अक्षर लागत नसल्यासारखं त्याच्याकडे बघत राहायचं. माझं डोकं संपायची वाट बघत होता तो. इकडे दादाची कात्री इमानदारीने चाललेली. कानावरचे केस गेले. टाळूवरचे गेले. मला माझं डोकं पहिल्यांदाच दिसलं, आणि ते इतकं लहान असेल अशी माझी कल्पना नव्हती.

"चाला की राव," मास्तर काकुळतीला आले.

"विचार करू नये असा नियम आहे का? दाखवा," केमिस्ट म्हणाला.

"काका, आता?" दादाने हळूच विचारलं. "डोकं तर झालं."

"दाढी."

दाढी झाली. केमिस्टने एक चाल केली. "मिशी," मी म्हणालो. आजोबांपासून चालत आलेली मिशी ती. पण लेकीचा प्रश्न होता. मिशी गेली, केमिस्टने आणखी एक चाल केली, तीही नाक मुरडत. मग कानातले केस. मग नाकातले. शेवटी दादा माझ्या भुवयांकडे बघून थबकला. मी डोळे मिटले आणि मान हलवली.

डोळे उघडले तेव्हा आरशात उकडलेल्या बटाट्यासारखं कोणीतरी होतं. पण त्याच्यामागे पट दिसत होता, आणि पटावर, देवाशपथ सांगतो, पुढच्या चालीत मात होती! पांढऱ्या घोड्याने एक उडी मारायची. काळा राजा आपल्याच प्याद्यांनी, उंटाने, हत्तीने असा घेरलेला की त्याला श्वास घ्यायलाही घर नव्हतं. केमिस्टने नाइलाजाने आपली चाल संपवली होती. मास्तरांचा हात घोड्याकडे निघाला होता.

आणि दादाने कापड झटकलं. फट्कन.

त्याचा दोष नाही हो. माझ्या डोक्यावर काम उरलं नव्हतं, आणि काम संपलं की त्याचे हात आपोआप कापडाकडे जातात. पण मास्तर! आवाज झाला मात्र, केमिस्ट उठला, मास्तर उठले, पटाला वळसा घालून काळ्याच्या जागी जाऊन बसले, आणि ते गृहस्थ गुच्छ सांभाळत सरकून पांढऱ्याच्या जागी आले. इतक्या वर्षांची सवय. अंगात भिनलेली. घोड्याकडे निघालेला हातसुद्धा तसाच हवेत, मालकाबरोबर पलीकडे गेला.

"अहो मास्तर!" मी ओरडलो. "काय केलंत हे!"

मास्तरांनी खाली पाहिलं. आपलाच घोडा आपल्यावरच डोळे वटारून उभा. त्यांचा चेहरा उतरला. संध्याकाळ, गल्ली, बाई, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं असणार.

गृहस्थ पटावर वाकले. बराच वेळ बघून म्हणाले, "एक विचारू का? हा घोडा इथे आला तर तुमच्या राजाला जागाच उरत नाही ना?"

"नाही उरत," मास्तर म्हणाले.

"मग हा डाव तुमचा हो. मी आत्ता तर बसलो. या तुम्ही इकडे, मी तिकडे बसतो. मला काय, दोन्हीकडे पंख्याचा वारा सारखाच."

मास्तर अर्धे उठले. खरं सांगतो, माझाही जीव भांड्यात पडला. एव्हाना केमिस्ट माझी खुर्ची बळकावून बसला होता, तो आरशातून खदाखदा हसला.

"घ्या, मास्तर, घ्या! मागे घ्या! नावाला साजेसं होईल!"

मास्तर तसेच अर्धवट थांबले, ना बसलेले ना उठलेले. सगळं सलून त्यांच्या गुडघ्यांकडे बघत होतं. मग ते खाली बसले, असे की बाक करकरला.

"नाही," ते म्हणाले. "बसलो ते बसलो. तुम्ही चाला."

"अहो, पण तुम्ही हराल."

"हरू द्या."

"मला वाईट वाटेल हो. तुमची मेहनत..."

"मग वाईट वाटून घेत घेत चाला. पण चाला. मी इथून हलणार नाही."

गृहस्थांनी गुच्छ बाजूला ठेवला, घोडा दोन बोटांत उचलला आणि हळूच, झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं तसा, त्या घरात ठेवला. "शह," ते म्हणाले. "आणि मला वाटतं, मातही."

मात झाल्यावर पुढे काय करायचं असतं हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. दादा तर इतका भांबावला की त्याने हरलेल्या राजाला थोडी पावडर लावली.

"नाव!" मी म्हणालो. "मात दिली, आता नवं नाव ठेवायचा हक्क यांचा."

"ही सुरुवात मास्तरांची आहे," केमिस्ट कुरकुरला, "पण नियम म्हणजे नियम. ठेवा."

"आधीचं काय होतं?" गृहस्थांनी विचारलं.

मी एकदम खोकायला लागलो. दादा ब्रश धुवायला लागला, कोरडाच. केमिस्टने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी मास्तरच म्हणाले, "मास्तरांची माघार. मास्तर म्हणजे मी. गाडी शिकवतो."

गृहस्थ त्यांच्याकडे बघत राहिले. "कोपऱ्यावरचं घर?"

"हो."

"एक मुलगी?"

"हो. का?"

गृहस्थांनी गुच्छाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "मग हा तुमच्याकडेच यायचा आहे. संध्याकाळी. मी मुलाचा बाप."

मास्तरांनी बाकाची कड घट्ट धरली. केमिस्टच्या अंगावरचं कापड खाली घसरलं, तरी त्याला सावरायचं सुचलं नाही.

"सकाळी गल्लीत तुमची चौकशी केली होती," व्याही म्हणाले. आता त्यांना व्याहीच म्हणायला हवं. "दूधवाल्याने नाव सांगितलं. मुक्कामावर जाऊन बायकोला म्हटलं, माणूस ऐनवेळी पाय मागे घेणारा दिसतोय, जरा जपून बोलू. ती म्हणाली, तुम्ही आधी केस कापून या." ते पटाकडे बघून हसले. "समोर मात दिसत असताना मी जागा बदलून देत होतो, आणि हा माणूस हलला नाही. नाव सोपं आहे. 'मास्तरांचा ठिय्या'."

केमिस्टने निमूट मान डोलावली. नियम म्हणजे नियम.

मास्तर घरी गेले ते जवळजवळ पळतच. मीही गेलो मागोमाग, साक्षीदार म्हणून. बाईंनी दार उघडलं, मला पाहिलं आणि म्हणाल्या, "हे कोण?"

मास्तरांनी एका दमात सगळं सांगितलं. बाई कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या.

"म्हणजे मात कुणी खाल्ली?"

"मी."

"आणि दिली कुणी?"

"व्याह्यांनी."

"लग्नाआधीच?" बाई म्हणाल्या. "अजून ते लोक घरात आले नाहीत, चहा घेतला नाही, आणि तुम्ही मात खाऊन मोकळे! आणि नाव काय, तर ठिय्या! म्हणजे उद्या सगळे म्हणणार, हा बाप लेकीच्या घरी जाऊन ठिय्या देणार. त्यापेक्षा..."

"त्यापेक्षा माघार बरी होती, असं म्हणू नकोस," मास्तर म्हणाले. "नाव पुसून या म्हणालीस, पुसून आलो. आता दुसऱ्याने ठेवलं ते निमूट घ्यायचं."

बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्यांनी ते लगेच दाबलं.

"त्यांना कुठे बसवणार आहात?"

"खिडकीजवळच्या खुर्चीत."

"मग तुम्ही दाराजवळ बसा. आणि ते कितीही आग्रह करोत, तिथून उठायचं नाही. व्याह्यांनी एवढं नाव दिलंय तर राखायला हवं," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "आणि काका, तुम्ही आता घरी जा बरं. ती माणसं पहिल्यांदाच येताहेत, उगाच दचकतील."